भंगाराच्या डब्यातलं घड्याळ

आमच्या गल्लीत एक बाई राहतात. सगळे त्यांना तक्रारबाई म्हणतात. नावावरून वाटेल, सकाळी डोळे उघडल्यापासून कुरकुर करणारी कोणी असेल. छे! तक्रार करायची ती आपण, त्यांनी फक्त ऐकायची. टेलिफोनच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीमागे त्यांची सगळी नोकरी गेली. 'फोन मेलाय', 'फोन खरखरतोय', 'फोन उचलला की शेजारीण ऐकू येते', असलं ऐकून ऐकून त्यांचा कान असा तयार झाला, की समोरचा खरं बोलणार की थाप मारणार, हे तो घसा खाकरतो तेव्हाच त्यांना कळतं.

निवृत्त झाल्यावर माणसं बागेत खुरपी घेऊन बसतात, नाहीतर सुनेचं डोकं खातात. बाईंना बाग नव्हती आणि सून शहाणी होती, तिनं आधीच वेगळं बिऱ्हाड केलं होतं. मागे राहिला होता मुलाचा जुना कॉम्प्युटर. बाईंनी तो उघडला, मिटला, पुन्हा उघडला, पार पोटापर्यंत उघडला, आणि बघता बघता अशी वेळ आली, की गल्लीत कोणाचाही कॉम्प्युटर रुसला की हाक त्यांनाच.

त्यांची काम करायची रीत जगावेगळी. खुर्चीत बसायचं मालकानं. बाई मागे उभ्या, दोन्ही हात पाठीशी बांधून, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारख्या. माउसला बोट लावणार नाहीत. म्हणतात, "मी केलं तर वळण माझ्या हाताला लागणार, आणि माझा हात तर मी घरी घेऊन जाणार. तुम्ही करा, म्हणजे वळण इथं राहील."

आणि पहिला प्रश्न ठरलेला: "काल काय केलंत?"

"काही नाही हो बाई, आपोआप झालं."

"आपोआप फक्त केस पिकतात. काल काय केलंत?"

मग हळूहळू बाहेर येतं. कोपऱ्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांच्या स्क्रीनवर लाल खिडकी आली होती: 'तुमच्या यंत्रात विषाणू शिरला आहे, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा.' ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांची उत्तरं तपासली, ते मुकाट्यानं फोन करायला निघाले! बाईंनी फोन खाली ठेवायला लावला. "सर, रस्त्यात कोणी म्हणालं, तुमचा खिसा फाटलाय, तर आपण खिशावर हात ठेवतो, का पाकीट काढून त्याच्या हातात देतो? खिडकी बंद करा. बंद होत नसेल तर कॉम्प्युटर बंद करा. आणि तो नंबर विसरा." शिवणकामवाल्या काकूंचा कॉम्प्युटर तासाभरात आपोआप बंद पडायचा. बाईंनी बघितलं, तर काकूंनी त्याला हौसेनं जाड कापडाचा झालरवाला अंगरखा शिवला होता आणि कपाटात कोंबून बसवलं होतं. "काकू, याला थंडी वाजत नाही. याचा जीव गुदमरतोय. अंगरखा काढा, भिंतीपासून हातभर पुढे ओढा आणि मागच्या जाळीवरची धूळ ब्रशनं काढा." प्रिंटरबद्दल तर बाईंचं मत पक्कं आहे: ते यंत्र नव्हे, जावई आहे. चार लोकांसमोर बोलवाल तर हमखास रुसणार. बंद करा, कागद सारखे करून लावा, वायर पुन्हा बसवा, आणि थोडा वेळ त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

आता एवढ्या घरांत जाणारी बाई म्हटल्यावर तिच्या पोटात काय काय साठलं असेल! कोण कोणाला काय लिहितं, कोणाच्या फोटोंमध्ये कोण आहे. बायका चहाड्या करतात असं म्हणणाऱ्यानं आमचा निवृत्त पुरुषांचा बाक पाहिलेला नाही. आम्ही साखर पेरून पाहिली, चहा पाजून पाहिला, खोटी बातमी सांगून खरी काढायचा प्रयत्न केला. बाई ताकास तूर लागू देत नाहीत. मला बघितलं की म्हणतात, "आलं का सकाळचं वर्तमानपत्र? आज काय छापायचं राहिलंय?" आणि पुढे चालू लागतात.

तर अशा या बाईंच्या हातून एक चूक झाली. ती मी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि ती झाकून ठेवायची नाही असं त्यांनीच मला बजावलं आहे. म्हणजे माझ्या आयुष्यातली ही पहिलीच परवानगी मिळालेली चहाडी.

माझ्या समोरच्या दारात घड्याळमामा राहतात. घड्याळजी. मनगटावरच्या घड्याळांपासून भिंतीवरच्या लंबकापर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. चौकातल्या मनोऱ्यावरचं मोठं घड्याळ बंद पडलं, तेव्हा नगरपालिकेनं ठरवलं, की ते काढून विजेवरचं नवं यंत्र बसवायचं. मामा कचेरीत जाऊन भांडले. "त्याला काही झालेलं नाही. त्याला फक्त कोणी आंघोळ घातलेली नाही," म्हणाले. शेवटी साहेबांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. तोवर घड्याळ चाललं तर राहील, नाहीतर भंगारात जाईल आणि मनोऱ्यावर नवा डबा चढेल.

मामांनी घड्याळ उतरवलं, भाग भाग सुटा केला, घरी आणला. बाहेरच्या खोलीत पांढऱ्या चादरी अंथरल्या आणि त्यावर ताटाएवढ्या चाकांपासून वाटाण्याएवढ्या खिळ्यांपर्यंत सगळा संसार मांडला. मामींनी स्वयंपाकघरात आश्रय घेतला. "माझ्या लग्नात सुद्धा एवढं पितळ आलं नव्हतं," त्या म्हणाल्या. सगळे भाग रॉकेलमध्ये धुऊन निघाले होते. आता उलट्या क्रमानं जोडायचं तेवढं राहिलं होतं, आणि त्यासाठी मामांनी एक शहाणपणा केला होता. एकेक भाग काढताना त्याचा फोटो काढायचा. संध्याकाळी फोटो कॉम्प्युटरवर उतरवायचे आणि कॅमेरा रिकामा करायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा जागा.

मी एकदा डिवचलं होतं. "मामा, जन्म गेला घड्याळात, आणि फोटो कशाला? तुम्ही तर डोळे मिटून जोडाल!"

मामा हसले आणि विषय बदलला. मला तेव्हाच वास यायला हवा होता. माझं नाक म्हातारं झालं, दुसरं काय.

जोडायला सुरुवात करायच्या दिवशी मामांचा कॉम्प्युटर गोगलगाईसारखा चालू लागला. एक खिडकी उघडायला मागितली, की तो आधी विचार करायचा, मग सुस्कारा सोडायचा. मीच बाईंना बोलावून आणलं, आणि अर्थातच मीही आत शिरलो. अशा प्रसंगी दाराबाहेर थांबणं हा शेजारधर्म नव्हे.

बाई मागे उभ्या राहिल्या, हात पाठीशी. "काल काय केलंत, मामा?"

"काल? चाकं धुतली."

"कॉम्प्युटरवर."

"रोजचंच. फोटो उतरवले."

बाईंनी त्यांना डिस्कमधली जागा बघायला लावली. जागा उरलीच नव्हती. "पोट फुटेस्तोवर जेवल्यावर माणूस पळेल का? तसंच याचं. आधी थोडं रिकामं करू. खाली उजवीकडे बघा. नाही, दुसऱ्या उजवीकडे."

मामांचा हात घड्याळात जितका हलका, माउसवर तितकाच जड. चिमट्यानं केसाएवढी स्प्रिंग पकडणारा माणूस, पण पडद्यावरचा बाण काही केल्या जागेवर जायला तयार नाही. तेवढ्यात दारावर थाप पडली. नगरपालिकेचा शिपाई आला होता, घड्याळ कुठवर आलं ते विचारायला. मामा उठून गेले.

बाईंनी थोडी वाट पाहिली. शिपाई जायला तयार नव्हता. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. म्हणजे मनगटावरच्या, खोलीतली बाकीची सगळी उघडी पडली होती. मग जे मी कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. बाई खुर्चीत बसल्या आणि माउस हातात घेतला.

"ही कचरापेटी बघा, तुडुंब भरलीय. लोक काढून टाकतात आणि समजतात, गेलं. कुठं जातंय? दाराशीच पडून असतं," असं मला सांगता सांगता त्यांनी कॉम्प्युटरला पेटी रिकामी करायला सांगितली. कॉम्प्युटरनं विचारलं, हे सगळं कायमचं काढून टाकायचं का? ज्या बाई गल्लीभर सांगत फिरतात, की खिडकीत लिहिलेलं वाचल्याशिवाय 'हो' म्हणू नका, त्यांनी न वाचता 'हो' म्हटलं.

मामा परत आले. पडद्याकडे बघून म्हणाले, "हां, आता सुरुवात करू. माझा डबा उघडा बरं."

"कसला डबा?"

"हा काय इथला. त्यातच ठेवलेत ना फोटो."

खोलीत चादरीवरचं पितळ तेवढं चमकत होतं. बाईंनी माउसवरचा हात उचलला.

"मामा," बाईंनी शांतपणे विचारलं, "कचरापेटीत? फोटो?"

"कचरापेटी तुमच्यासाठी. माझ्या धंद्यात भंगाराच्या डब्यासारखी सुरक्षित जागा नाही." मामांनी शेल्फावरचा गंजका पत्र्याचा डबा दाखवला. त्यात मेलेल्या घड्याळांतून काढलेले भाग होते, चाकं, काटे, चाव्या. "दुकानात चोरी झाली होती तेव्हा गल्ला गेला, याला कोणी शिवलं नाही. घड्याळजी काही फेकत नाही हो. इथं चित्र दिसलं डब्याचं, मी म्हटलं, वा! रोज फोटो त्यात ओढून टाकायचे. लागले की बाहेर काढायचे."

स्वयंपाकघरातून मामी बाहेर आल्या. "हा डबा एक दिवस घात करणार, हे मी लग्नापासून सांगतेय."

बाई उभ्या राहिल्या. आवाज तक्रारखिडकीतला, सरळ. "मामा, चूक माझी आहे. मी तुम्हाला न विचारता ती रिकामी केली."

मामा खुर्चीत बसले. चादरीवरचं एक चाक उचलून पाहिलं. मग म्हणाले, "मग नाही जमणार. हल्ली सकाळचं मला दुपारी आठवत नाही, ताई. हात चालतात. क्रम राहत नाही. म्हणून तर फोटो काढले." आणि माझ्याकडे न बघता, "आता छापा, वर्तमानपत्र."



मामींनी हात पुढे केला, "थांबा, मुलाला फोटो पाठवले होते का बघते, कॉम्प्युटरवर..."

"हात लावू नका!" बाई एवढ्या जोरात ओरडल्या, की मामी दोन पावलं मागे गेल्या. "कोणी काही उघडायचं नाही, काही ठेवायचं नाही." आणि 'सरळ प्लग ओढू नका, यंत्राला आधी निरोप देऊन झोपू द्या' असं ज्या सगळ्यांना दटावतात, त्या बाईंनी भिंतीतला प्लग सरळ ओढला.

"अहो, हे काय!" मी म्हणालो.

"इमारतीतला भाडेकरू गेला समजा. दारावरची पाटी काढली, म्हणून आतलं सामान लगेच जात नाही. नवा भाडेकरू येईपर्यंत ते तसंच असतं. आत्ता या कॉम्प्युटरनं एक ओळ जरी नवी लिहिली, तरी ती कोणाच्या खोलीत जाऊन बसेल सांगता येत नाही. झोपायला जातानासुद्धा तो काही ना काही लिहितो. म्हणून प्लग ओढला. याची डिस्क काढून माझ्या घरी न्यायची, माझ्या कॉम्प्युटरला दुसरी म्हणून जोडायची आणि दार न उघडता खिडकीतून आत बघायचं. सामान असलं, तर ते काढून तिसरीकडे ठेवायचं. परत याच घरात नाही. जुनी, फिरणारी डिस्क आहे, म्हणून ही आशा. नव्या प्रकारची असती तर मी तुम्हाला आशासुद्धा दिली नसती."

मग त्यांनी हात पुन्हा पाठीशी बांधले. "मामा, या कॉम्प्युटरची पेटी उघडा. स्क्रू तुमच्याएवढ्या हलक्या हातानं माझ्यानं निघणार नाहीत."

मामा खुर्चीतून उठले. मग त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, पेचकस उचलला, आणि माणूस बदलला. स्क्रू एका वाटीत, क्रमानं. आतली धूळ रबरी फुग्यानं फुंकून काढली. "शी! या अवस्थेत चालत होतं? आमच्या धंद्यात याला गुन्हा म्हणतात," मामा म्हणाले. डिस्क बाहेर आली, तेव्हा त्यांनी ती अशी धरली, की जणू एखाद्या बाळाला आंघोळीनंतर उचललंय. मामींच्या स्वच्छ रुमालात गुंडाळून आम्ही तिघं बाईंच्या घरी निघालो. रस्त्यात सगळ्यांनी विचारलं, काय आहे त्यात. मी कोणाला सांगितलं नाही. गल्लीत याची चर्चा झाली म्हणतात, माझ्या न सांगण्याची.

बाईंच्या घरी डिस्क जोडली गेली, शोधाशोध करणारा प्रोग्राम चालू झाला आणि पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पावलानं भरू लागली. बाईंनी चहा केला. कोणी प्यायला नाही. मी काहीतरी गंमत सांगायला गेलो, तर बाई म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसलात, की ही पट्टी लवकर भरेल."

आणि फोटो दिसू लागले. आधी एक, मग भराभर. पितळी चाकं, मामांचा अंगठा, चाकांशेजारी ठेवलेली आगपेटी. मामांनी खिशातून रुमाल काढला आणि भिंग पुसलं. डोळ्याला लावलेलंच नव्हतं, तरी.

मी म्हणालो, "झालं! जिंकलो!"

"नाही," बाई म्हणाल्या.

फोटो आले होते, पण नावं गेली होती. मामांनी प्रत्येक फोटोला नाव दिलं होतं, पहिलं चाक, दुसरं चाक, असं. आता सगळ्यांना कॉम्प्युटरनं आपल्या मनाचे आकडे दिले होते आणि क्रम पार विस्कटला होता. शेवटचं आधी, मधलं शेवटी. पाटी काढली की हेच होतं: माणसं सापडतात, पण कोण कोणत्या खोलीतलं ते कळत नाही. आणि मामांना हवा होता तो क्रमच. दोन चाकं तर इतकी सारखी दिसत होती, की जुळी म्हणून खपली असती.

 बाईंनी वळून, अगदी जपून विचारलं, "मामा, प्रत्येक फोटोच्या पोटात तो काढल्याची वेळ लिहिलेली असते. कॅमेरा लिहितो. पण कॅमेऱ्यातलं घड्याळ बरोबर असेल तरच तिचा उपयोग. गल्लीत मी एवढे कॅमेरे पाहिले, एकाचंही घड्याळ लावलेलं नाही. बॅटरी काढली की तारीख मागे जाते, आणि कोणी पुन्हा लावत नाही. प्रत्येकाचे फोटो कोणाच्या तरी जन्माआधीचे. तुम्ही चार्ज करायला रोज बॅटरी काढत होतात. तुम्ही..."

मामा उठून उभे राहिले. मी त्यांना एवढं उंच कधी पाहिलं नव्हतं.

"ताई, कॅमेऱ्यात घड्याळ आहे ना?"

"आहे."

"मग ते बरोबर आहे का, हे तुम्ही मला विचारताय? मला?"

बाईंनी वाद घातला नाही. फोटो काढल्याच्या वेळेनुसार लावायला सांगितले, आणि सगळे फोटो शाळेतल्या मुलांसारखे धावत जाऊन आपापल्या जागी रांगेत उभे राहिले. पहिल्या फोटोत अख्खं घड्याळ, शेवटच्यात रिकामी चौकट. काही फोटोंचा खालचा भाग करडा होऊन गेला होता, तेवढ्या खोलीत नवा भाडेकरू शिरला होता. मामांनी ते निरखून पाहिले. "हरकत नाही. अलीकडचं आणि पलीकडचं दिसतंय. मधलं माझे हात सांगतील."

सगळं एका वेगळ्या डिस्कवर उतरवून झाल्यावर, एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक बाईंच्या घरी ठेवून झाल्यावर, बाई सहज बोलून गेल्या, "बरं का मामा, ती कचरापेटी भरली की जुन्या गोष्टी आपणहून काढून टाकते. तुमचे पहिले फोटो कधी ना कधी जाणारच होते."

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी विचारलं. "तुमचा दोष अर्धा झाला असता!"

"म्हणूनच नाही सांगितलं," बाई म्हणाल्या.

महिना संपायच्या आत मनोऱ्यावर घड्याळ चढलं. चौकात गर्दी जमली. नगरपालिकेचे साहेब म्हणाले, "मामा, कमाल आहे तुमच्या स्मरणशक्तीची!" मी मामांकडे बघितलं. मामांनी मान हलवली आणि सगळ्यांदेखत मोठ्यांदा सांगितलं, "स्मरणशक्ती कुठली! फोटो बघून जोडलंय. जे डोक्यात राहत नाही ते बाहेर नीट ठेवायचं. फक्त कुठं ठेवायचं, ते या ताईंना विचारून." एवढं बोलून मामा मनोऱ्यावर चढले आणि लंबकाला हात लावला. ठोके सुरू झाले, आणि गल्लीतल्या उशिरा येणाऱ्या सगळ्यांची आयती सबब त्या क्षणी मेली.

तेव्हापासून बाईंचा पहिला प्रश्न बदलला आहे. आता आधी विचारतात, "कचरापेटीत काही ठेवलंय का?" लोक हसतात. मग काहीजण हसायचे थांबतात आणि खुर्ची ओढून बसतात. कोण कोण, ते बाई सांगत नाहीत. मी विचारून दमलो.

परवा मामांनी बाईंना पुन्हा बोलावलं, कीबोर्डवर चहा सांडला म्हणून. "उलटा करा, वायर काढा, वाळू द्या, आणि केस वाळवायचं यंत्र त्याच्यावर धरू नका," इथपर्यंत दारातूनच सांगून झालं. मग आत येऊन त्या मागे उभ्या राहिल्या, हात पाठीशी. पडद्याच्या कडेला, कचरापेटीच्या चित्राशेजारी, मामांनी बारीक अक्षरांत एक चिठ्ठी चिकटवली होती: 'हा भंगाराचा डबा आहे. मालकाला विचारल्याशिवाय रिकामा करू नये.'

"मामा! फोटो तीन ठिकाणी ठेवलेत ना आपण?"

"ठेवलेत की. तीनही ठिकाणी." मामांनी माउस जरा पलीकडे सरकवला. "ही चौथी."

बाईंनी पाठीमागे एका हातानं दुसरा घट्ट पकडला आणि विचारलं, "बरं. काल काय केलंत?"